उठवायचे राहिलेले देव

घोडबंदरच्या कोळीवाड्यात लग्न ठरलं की लोक आधी हॉल बघत नसत, कमळाबाईंना कोणता दिवस मोकळा आहे ते बघत. हॉल काय, काशीमीऱ्याला हायवेच्या कडेनं ढिगानं पडलेत. कमळाबाई एकच. भटजी उशिरा आला तरी चालायचं, डीजेवाल्याचा जनरेटर बसला तरी चालायचं, पण कमळाबाईंनी मांडवात बसून देव बोलावल्याशिवाय हळदीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. त्या गावच्या धवलारीण. लग्नात धवले गाणारी बाई, असा अर्थ कुणीही सांगेल, आणि तो अगदीच अपुरा आहे. धवलारीण देवांना बोलावते, मग त्या घरातल्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलावते, सगळ्यांना मांडवात बसवते, लग्न लागेपर्यंत त्यांचं हवंनको बघते, आणि मांडव सोडायच्या आधी त्यांना मानानं उठवून परत पाठवते. मधल्या गाण्यांत थोडं कमीजास्त झालं तर कुणी मनावर घेत नाही. बोलावणं आणि उठवणं मात्र पक्कं लागतं.

ही विद्या त्यांना सासूकडून मिळाली. सुनेला जेवण करायला तिनं नंतर शिकवलं, आधी गावातल्या प्रत्येक घराच्या वरच्या पिढ्या पाठ करून घेतल्या. कोळंबी सोलता सोलता म्हातारी मध्येच विचारायची, ‘भोईराच्या थोरल्या घरात आज्याचा बाप कोन?’ उत्तर चुकलं की कोळंबीची टोपली पुढ्यातून ओढून घ्यायची. कमळाबाईंचा आवाज गोड म्हणावा असा कधीच नव्हता. जाड, खरखरीत, बेंबीच्या देठापासून येणारा. नवी नवरी तो ऐकून दचकायची, आणि दचकायलाच हवं असं म्हाताऱ्या बायकांचं मत होतं.

नवरा रामनाथ होडीवर जायचा. खाडीत मासळी मिळेनाशी झाली तशी त्यानं होडी विकली, एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसायला लागला आणि एका दुपारी त्या खुर्चीतच गेला. पाण्यात गेला असता तर लोक म्हणाले असते, खाडीनं नेला. खुर्चीतल्या मरणाला काय म्हणतात, ते कमळाबाईंना अजून कळलेलं नाही. पण विधवा बाईला मांडवात मागच्या रांगेत बसवणाऱ्या त्याच गावानं कमळाबाईंना मात्र पूर्वीसारखंच मधोमध पाटावर बसवलं. धवलारणीला विधवापण लागत नाही, असं ठरलेलंच आहे. एरवी भाईंदर पश्चिमेच्या बाजारात गटाराच्या कडेला मासळीची टोपली मांडायची, गिऱ्हाइकांशी हिंदीत हुज्जत घालायची, गुडघे चोळत घरी यायचं. लग्नसराईत मात्र त्या पाटावर त्यांच्यासमोर नवरदेवाचा बाप हात जोडून उभा राहायचा. त्यांच्या आयुष्यात उरलेलं खरंखुरं सुख म्हणजे तेवढंच होतं.

मुलगा निकेत भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. दिवसभर पॉलिशच्या मशीनांचा कर्कश आवाज ऐकून माणसाला संध्याकाळी शांतता हवीशी वाटावी. या पोराला आणखी आवाज हवा होता. गिटारवाला दिपेश आणि ड्रम वाजवणारा रोशन यांना घेऊन त्यानं बँड काढला. नाव ‘खाजण’, म्हणजे खाडीकाठची खारट दलदल. मेटल म्हणतात ते संगीत. मोरीतून पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा पोराला उलट्या होतायत समजून कमळाबाई लिंबू घेऊन धावल्या होत्या. ते गाणं आहे हे कळल्यावर दाराशी उभं राहून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, ‘घशातनं काय वरडतंस? फाटंल तो. पोटातनं काड.’ निकेतनं तसं केलं आणि त्या दिवसापासून त्याचा घसा कधी बसला नाही. त्याची धाकटी बहीण, नाव पूर्वी, म्हणायची, ‘दादा, तुझी गुरू घरातच आहे आणि तू यूट्यूबवर शोधतोयस.’

मग भराव सुरू झाला. खाडीला जेट्टी होणार, जेट्टीला रस्ता लागणार, रस्त्यासाठी काठावर माती पडणार. मातीचे डंपर गावातल्याच दशरथशेठचे. जातीचा, भावकीतला, माजी नगरसेवक. लोकांना विचारायचं म्हणून सरकारनं सुनावणी ठेवली, मांडव घातला, पाण्याच्या बाटल्या वाटल्या. कमळाबाई बोलायला उठल्या. त्यांनी खाडीतल्या जागा नावानं सांगायला सुरुवात केली, कुठं जाळं लागतं, कुठं चिंबोरी धरतात, कुठं ओहोटीलाही पाणी राहतं. तिसऱ्या नावाला माइक बंद झाला. साहेब हसून म्हणाले, ‘माताजी, आपकी भावना नोट कर ली.’

भावना कसली? पत्ता सांगत होती बाई. ज्या बाईचं बोलणं तोडायची आख्ख्या गावात कुणाची छाती नव्हती, तिचा आवाज एका बटणानं गेला. घरी आल्यावर त्या जेवल्या नाहीत. निकेतनं मात्र लिहायला घेतलं.

अल्बमचं नाव ‘भराव’. एका गाण्यात सुनावणीचा सगळा तमाशा होता आणि ते गाणं ओळीच्या मधेच गपकन बंद पडत होतं. एकात दशरथशेठचा नावानिशी उद्धार होता. कारखाना सुटल्यावर तिघं काशीमीऱ्याला रोशनच्या वडिलांच्या गॅरेजमागच्या खोलीत जमायचे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. तरी हायवेवरचा ट्रक कचकन ब्रेक मारायचा आणि चांगलं जमलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागायचं. पगार झाला की थोडं काम पुढं सरकायचं. असं वर्ष गेलं, आणि शेवटचं गाणं अडलं.

‘आई, देव बोलावतेस तो धवला मला पाहिजे,’ निकेत म्हणाला.

‘मांडव न्हाय, नवरी न्हाय. कोनाच्या लग्नाला बोलवू?’

‘लग्नाला नको. खाडीसाठी बोलव. जे जे खाडीवर जगले, खाडीत गेले, सगळ्यांना. तुला तिकडे बोलून नाही दिलं ना? इथे बोल. इथे कोणी तुझा माइक बंद करणार नाही.’

कमळाबाईंनी काही दिवस हो-ना केलं. धवला मांडवाबाहेर म्हणत नाहीत. पण सुनावणीतला तो हसरा साहेब त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. शेवटी त्यांनीच तोड काढली. गॅरेजमधल्या खोलीत माइकचे चार स्टँड चार कोपऱ्यांत उभे करायला लावले, त्यांना आंब्याचे टाळे बांधले, मधे पाट मांडला, पाटाला हळद लावली. ‘झाला मांडव,’ म्हणाल्या. रोशननं ड्रमच्या काठ्या खाली ठेवून चपला काढल्या.

त्या दिवशी कमळाबाई गायल्या तशा आधी कधी गायल्या नव्हत्या. देव बोलावले. मग घराघरातले मेलेले, वादळात गेलेले, सापडलेच नाहीत असे, सगळे नावानं बोलावले. आणि त्यांना सांगितलं की पाणी चाललंय, या आणि बघून जा. धवल्यातलं निम्मंअधिक दिपेशला कळत नव्हतं, घरी तो गुजराती बोलणारा. तोही गिटार मांडीवर घेऊन डोळे पुसत होता. आणि मग, रीतीप्रमाणे, त्यांनी सगळ्यांना उठवलंही. शेवटची ओळ म्हणून पाटाला नमस्कार केला, टाळे सोडले, पदरानं तोंड पुसलं. काम चोख झालं होतं. बाहेर पडताना त्यांनी रोशनच्या वडिलांकडून कटिंग चहा घेतला आणि सुनावणीनंतर पहिल्यांदाच मोकळेपणी हसल्या.

अल्बम आला. पूर्वीनं कानात इयरफोन घालून शेवटचं गाणं लावून दिलं. स्वतःचा आवाज ऐकून कमळाबाई खूश झाल्या, पण ड्रम सुरू होताच त्यांनी इयरफोन काढून टाकले. ‘चांगलं हाय,’ म्हणाल्या, आणि भात बघायला गेल्या. पुढं ते गाणं त्यांनी ऐकलं नाही.

बाहेर मात्र बोलबाला झाला. बंगळुरूच्या एका वेबसाइटनं लिहिलं, परदेशातल्या कुणी लिहिलं, पुण्याला कार्यक्रम ठरला. ‘शेवटच्या गाण्यातल्या बाई कोण? अंगावर काटा आला,’ असं परकी पोरं विचारत होती आणि पूर्वी ते आईला वाचून दाखवत होती. एका पक्षाची पोरं सभेत गाणी लावायला मागायला आली. निकेतनं त्यांना हाकललं. गंमत म्हणजे डंपरचे ड्रायव्हरसुद्धा ती गाणी लावायचे, स्टिअरिंगवर झोप येत नाही म्हणून. निकेतच्या शिव्या ऐकत ऐकत त्यांनी खाडीत माती ओतली. भराव एका पाटीनंही कमी झाला नाही. अल्बम काढून भराव थांबतो असं ज्याला वाटलं होतं, तो एकटा निकेतच.

दशरथशेठ काय करतो याची सगळ्यांना धास्ती होती. काचा फुटतील, पोलीस येतील. काही झालं नाही. त्याच्याइतक्या बारकाईनं तो अल्बम कुणी ऐकलाच नसेल. बाकी गावानं दोन मिनिटं ऐकून कान झाकले होते. आख्ख्या गावात तो शेवटपर्यंत ऐकला एकट्या दशरथशेठनं.

जत्रेच्या तयारीसाठी देवळापुढं गाव बसलं तेव्हा तो छोटा स्पीकर घेऊन आला. ‘पोरानं मना चोर म्हनला. मी काय बोललू? न्हाय बोललू. आपलाच पोर हाय,’ तो म्हणाला. मग बायकांकडं वळून अगदी अदबीनं, ‘कमळावयनी, येक इचारतंय. रागावू नका. त्या गान्यात तुमी देव बोलावलं. आपली मानसं नावानं बोलावली. माजा बाप पन बोलावला. मग उठवलं का?’

‘उठवलं तर,’ कमळाबाई म्हणाल्या. ‘न उठवता ठेवीन का?’

‘मंग गावाला आयकू दे.’

त्यानं गाणं लावलं. कमळाबाईंचा आवाज देवळाच्या ओट्यावरून गेला, नावामागून नाव आलं, म्हाताऱ्यांनी आपापल्या माणसांच्या नावाला हात जोडले. मग ड्रम, गिटार, निकेतचं ओरडणं. मग डंपरमधून माती ओतल्याचा आवाज. आणि मग काहीच नाही.

‘सरलं?’ एका म्हातारीनं विचारलं.

‘सरलं,’ दशरथशेठ म्हणाला.

‘मी म्हटलेलं!’ कमळाबाई उभ्या राहिल्या. ‘निकेत, सांग यांना. म्हटलेलं ना मी?’

निकेत पुढं आला. त्यानं तेव्हा चूक कबूल केली असती, मशीन बिघडलं म्हणून खोटं बोलला असता, तरी निभावलं असतं. पण या पोराला वाटलं, हाच तो क्षण, आता गाव पेटणार. मान ताठ करून तो म्हणाला, ‘आईनं म्हटलं होतं. मी कापलं. मुद्दाम कापलं. जोपर्यंत भराव निघत नाही तोपर्यंत आपले देव उठणार नाहीत, तिथेच खाडीत उभे राहतील. आख्ख्या अल्बमचा पॉइंटच तो आहे. आता तरी उठा ना तुम्ही!’

कुणी उठलं नाही. म्हणजे उठले, पण घरी जायला. कमळाबाईंच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या बायका आधी जराशा सरकल्या, मग पदर सावरत निघून गेल्या. ज्या मेलेल्या माणसांना दर लग्नात बोलावून पोटभर जेवू घालून परत पाठवायचं, त्यांना या पोरानं चिखलात तिष्ठत उभं केलं होतं. आणि बोलावणारा आवाज कमळाबाईंचा होता. एकेक नाव त्यांच्या तोंडचं होतं. निकेतनं शिवी दिली असती तर गावानं पचवली असती. हे पचण्यासारखं नव्हतं.

घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, ‘त्या सायबानं निदान माज्या तोंडावर माइक बंद केला रे.’

पुढं कुणाचं जाळं फाटलं, कुणाची सून बाळंतपणात अडली, कुणाचा पाय मोडला; सगळ्याचं खापर एकाच घरावर फुटलं. पहिलं लग्न हातचं गेलं तेव्हा निरोप गोड होता, ‘यंदा साधंच करताव, वयनी.’ संध्याकाळी त्याच दारात मोठा मांडव उभा राहिलेला त्यांनी टोपली घेऊन येताना बघितला. नंतर निरोपही यायचे थांबले. बायका तोंड फिरवून सरळ बाजूनं जायच्या. बाजारात मासळी विकत घ्यायला परके लोक होते, म्हणून पोट चाललं. पण लग्नसराईच्या दिवसांत भरल्या गावात घराचं दार लावून बसणं काय असतं, ते ज्याच्यावर येतं त्यालाच ठाऊक.

निकेत हादरला. ‘मी आख्खा अल्बम काढून टाकतो, आई.’

‘काडून काय व्हतंय? बोलावलं ते बोलावलं.’

मग त्यानं कापलेला तुकडा शोधून वेगळा चढवला. परक्या पोरांनी त्याचंही कौतुक केलं, किती शांत वाटतं म्हणाले. गाव म्हणालं, मोबाईलवर कुठं देव उठतात का! मोबाईलवर बोलावलेले मात्र खरे. या न्यायापुढं कुणी काय बोलावं? आणि निकेत पुण्याला कार्यक्रमाला गेला नाही, हे कळल्यावर कमळाबाईंना बरं वाटायच्या ऐवजी आणखीच उदास वाटलं. आपलंही गेलं आणि त्याचंही.

सगळ्यात वाईट हे झालं की त्यांचा स्वतःचाच भरवसा डळमळला. आपण उठवलं, हे त्यांना पक्कं माहीत होतं, सुरुवातीला. पण रोज दहा तोंडांनी तेच ऐकल्यावर रामनाथ खाडीत गुडघाभर चिखलात उभा दिसायला लागला. एका सकाळी त्या एकट्याच रिक्षा करून काशीमीऱ्याला गेल्या. बोलावलं त्याच जागी पुन्हा उठवावं, म्हणजे सुटेल. गॅरेजमागच्या खोलीत आता जुने टायर भरलेले. रोशननं मधले टायर बाजूला ओढून पाटापुरती जागा करून दिली. कमळाबाई बसल्या, हात जोडले, तोंड उघडलं. पहिली ओळ आली आणि पुढं आवाजच नाही. श्वास येत होता, शब्द आठवत होते, पण पोटातून वर काही चढेना. रोशन पाणी घेऊन आला तेव्हा त्या टायरला धरून हमसून हमसून रडत होत्या, आणि रडण्यालासुद्धा आवाज नव्हता. गळ्याच्या डॉक्टरनं नंतर तपासून सांगितलं, घसा उत्तम आहे.

अशात लेकीचं, पूर्वीचं, लग्न ठरलं. मुलगा अभिनव, भाईंदरचाच, शिकलेला, निकेतचा अल्बम आवडणारा. पण त्याची आई आनंदीबाई लग्नाची बोलणी संपता संपता म्हणाली, ‘विहीणबाई, वाईट वाटून घेऊ नका. धवलारीण आम्ही आणू. आमच्याकडची माणसं घाबरतात हो.’ कमळाबाईंनी पूर्वीकडं बघितलं. त्या पूर्वीकडं, जिनं एकेक कौतुक वाचून दाखवलं होतं. पूर्वी खाली बघत म्हणाली, ‘आई, ऐक ना. एवढं एकच. मला नंतर काही झालं तर लोक तुलाच बोलतील.’

‘बरोबर हाय,’ कमळाबाई म्हणाल्या.

आनंदीबाईंनी मिनलला आणलं. वसईकडची, तिशीतली, बँकेत नोकरी करणारी, स्कूटीवरून उतरून हेल्मेट काढून पाटावर बसली. कमळाबाई नवरीची आई म्हणून मांडवात होत्या, मागच्या रांगेत, खांबाला टेकून. निकेत वाढप्यांच्या मागं उभा होता. मिनलनं देव बोलावले, आणि घरच्या माणसांवर आल्यावर अडली. या घराच्या पिढ्या तिला माहीत असणं शक्यच नव्हतं. तिनं मागं वळून नम्रपणे विचारलं, ‘काकी, नावं सांगता?’

बायका आनंदीबाईंकडं बघायला लागल्या. आनंदीबाईंनी मान हलवली. नुसती नावं सांगायला हरकत नव्हती. कमळाबाईंनी सांगितली. रेशनच्या दुकानात घरातली माणसं सांगावीत तशी, सपाट, एकेक. त्या एक नाव सांगत, मिनल ते उचलून गात असे. आज्याचा बाप, आजा, आजी, सासरा, सासू. शेवटी नवऱ्याचं. त्यांनी ते अगदी हळू सांगितलं आणि मिनलनं ते सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हटलं.

लग्न लागलं. दिवसभर कमळाबाई जागच्या हलल्या नाहीत. माणसं म्हणाली, बाई लेकीसाठी रडतायत. त्या रडत नव्हत्या, ऐकत होत्या. वेताळाच्या नावानंतर श्वास घ्यायचा असतो, तिथं भल्याभल्या चुकतात. पुढं धवल्यात देवांच्या वाटेवर नवरदेवाच्या गावची वेस येते, तिथं ओळ गळते. सासूनं त्यांना तिथं कितीदा टोपली ओढून शिकवलं होतं. त्या प्रत्येक ठिकाणाची वाट बघत त्या बसून राहिल्या. संध्याकाळी मिनलनं सगळ्यांना उठवलं, देवांना, आज्याला, सासूला, रामनाथला, आणि मांडवातल्या बायकांनी समाधानानं हात जोडले.

नवरीची गाडी गेल्यावर निकेत आईपाशी येऊन बसला. तिच्याकडं बघायचं धाडस त्याला होत नव्हतं. जमिनीकडं बघत तो म्हणाला, ‘तुझ्यासारखं नव्हतं, आई. अजिबात नव्हतं.’

‘खोटं नको बोलू,’ कमळाबाई म्हणाल्या. ‘सकाळपासून कान लावून बसलंय मी. कुटंच चुकली न्हाय रे ती.’